वाराला एक

साखर पेठेतल्या माझ्या दुकानात काउंटरवर
एक कात्री आहे, आईची.
विडीची पानं कापून कापून पात्याला बाक आलेला.
तिनंच मी गोळ्यांच्या पट्ट्या कापतो.

सिव्हिलवरनं आलेली माणसं कागद पुढं करतात,
आधी किंमत विचारतात, मग रंग.
मागल्या बारीला गुलाबी होती, आता पांढरी कशी?
कंपनी बदलली, मी सांगतो, औषध तेच.
रिक्षावाले नदाफ मान डोलवतात.
नदाफांची मान कशालाही डोलते,
म्हणून दम्याचा पंप मी त्यांच्याच हातात देतो:
आधी श्वास सोडा. सगळा.
आता दाबा. ओढा. धरा.
दहापर्यंत धरा म्हणलं तर
गिऱ्हाईक दिसलं की सातलाच सोडतात.

"जेवल्यावर" मी चार भाषांत म्हणतो.
तिन्नाक. ऊट आदमेले. खाने के बाद.
चौथी, मराठी, शाळेत शिकलो.
ती मला पुरती येते असं धरून चाललो होतो.

सोजरबाई ढेपे त्या मार्चमध्ये आल्या.
टॉवेलच्या कारखान्यात कडा शिवणाऱ्या,
बोटांची पेरं आल्याच्या गड्ड्यासारखी.
डॉक्टरांनी बारकी पिवळी गोळी लिहिलेली,
आठवड्यातून एकदाच घ्यायची ती.
गर्दी होती, लाईट गेलेली, बाहेर बेचाळीस.
मी म्हणालो, "मावशी, वाराला एक."

आमच्या घरात वारम् म्हणजे आठवडा.
वारानिकि ओकटि,
आई डोक्याला तेल लावायचं तेही असंच सांगायची.
सोजरबाईंच्या घरात वार म्हणजे वार.
सोमवार, मंगळवार, बुधवार, बेस्तरवार.
उगवेल त्या वाराला त्यांनी एक घेतली.
कात्रीनं चार कापून द्यायच्या,
तर मी दहाची अख्खी पट्टी दिलेली.

नवव्या दिवशी पदर तोंडाला लावून आल्या.
"तोंड आलंय बाबा, भाकर जाईना.
ते जेल का काय असतं, ते दे."
मी वळलो, डबी काढली,
बत्तीस रुपये, सांगूनही झालं.
मग कशानं कोण जाणे, विचारलं,
ती पिवळी कधी घेता?
"रोज की. तूच सांगितलास."
पिशवीतनं पट्टी काढली.
एक गोळी उरलेली, नऊ खळगे रिकामे.

शटर अर्धं ओढून नदाफांच्या रिक्षात बसवलं.
वाटेत त्याच मला समजावत होत्या:
"जास्तच घेतली की, कमी तर नाही.
आमाला डझनावर पैसे. जास्त शिवलं की जास्त."
समजावून सांगणं हा माझा धंदा,
आणि साखर पेठ ते सिव्हिल
माझ्याकडं एक वाक्य नव्हतं.

अकरा दिवस ठेवलं.
कुणी सांगितलं रोज घ्यायला, डॉक्टरांनी विचारलं.
मी पलंगाच्या पायथ्याशी उभा.
"माजंच चुकलं," सोजरबाई म्हणाल्या.
ते उधार अजून माझ्या अंगावर आहे.

आता मी सांगून थांबत नाही, विचारतो.
घरी गेल्यावर काय करणार, तुम्ही सांगा.
लोक वैतागतात. म्हातारे इराबत्ती म्हणाले,
गोळी विकतोस का शाळा घेतोस?
मी कात्री उघडी धरून उभा राहतो.
बरोबर ऐकल्याशिवाय कापत नाही.
तरी काही जण इथं बरोबर सांगतात
आणि घरी जाऊन चुकतात.
चौथ्या दिवशी नळाला पाणी येतं,
त्या धांदलीत सकाळची गोळी राहतेच कुणाची तरी.
मी फोन लावतो. उचलत नाहीत.

सोजरबाईंना तीच गोळी पुन्हा सुरू झाली, कमी ताकदीची.
सकाळी कारखान्याला जाताना
त्या राम राम घालत नाहीत, नमस्कार नाही.
माझ्या दुकानासमोर आल्या की
रिक्षातनं डोकं बाहेर काढून ओरडतात,
"बेस्तरवार!"
चहाच्या गाड्यावरची माणसं वळून बघतात.
त्या दिवशी सोमवार असतो.
मी कात्री वर करून दाखवतो.